भयकथा, कविता, अर्थशास्त्र... आणि माझं एकच परीक्षण

पानखूण

गेले दहा महिने हाती येईल ते पुस्तक वाचतेय. ठरवून. त्याआधी वर्षानुवर्षं फक्त कादंबऱ्या, त्याही एकाच पठडीतल्या. मग एका आजारपणात उशाशी दुसरं काही नव्हतं म्हणून भयकथांचा संग्रह उघडला आणि रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत होईना. तिथून कुंपण मोडलं. रहस्यकथा, विज्ञानकथा, चरित्रं, प्रवासवर्णनं, कवितासंग्रह, अर्थशास्त्रावरचा एक ठोकळा, मुलांसाठीची दोन. प्रत्येक पुस्तकावर दीड-दोन पानं लिहायची आणि चार वाचणाऱ्या मंडळींना पाठवायची, हा छंद.

परवा ती सगळी परीक्षणं सलग वाचली आणि लाज वाटली. पुस्तकांची नावं झाकली तर कुठलं कशावर लिहिलंय हे मलाच ओळखता येईना. 'ओघवती भाषा' अकरा वेळा, त्यात तो अर्थशास्त्राचा ठोकळाही आला. 'खिळवून ठेवणारं' नऊ वेळा, त्यातला एक कवितासंग्रह!

नमुना देते, हसायचं तर हसा:

"लेखकाने वातावरणनिर्मिती उत्तम केली आहे. पात्रे ठसठशीत आहेत. ओघवत्या भाषेमुळे पुस्तक खाली ठेववत नाही. मात्र शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. एकदा वाचायला हरकत नाही. ३ तारे."

हे एका रहस्यकादंबरीवर आहे. मालवाहू जहाज, अकरा खलाशी, भर समुद्रात स्वयंपाक्याचा खून. नाव मुद्दाम देत नाही. कुणाला वाचायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रश्न असा की, इतक्या तऱ्हेची पुस्तकं वाचणारे तुम्ही लोक प्रत्येकासाठी वेगळं कसं लिहिता? की सगळ्यांचं असंच होतं?

अर्धविराम

'एकदा वाचायला हरकत नाही' हे वाक्य लिहून मी आजवर किमान चाळीस पुस्तकांची बोळवण केली आहे. पहिली खुर्ची माझी. वाचतोय.

तिरकस

त्या नमुन्यात काम करणारं एकच वाक्य आहे, ते शेवटाबद्दलचं. बाकीची चार पुसली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पण तेही अर्धवट आहे. ओढूनताणून म्हणजे नक्की काय? खुनी अमुक निघाला हे पटलं नाही, की तो अमुक आहे हे शोधणाऱ्याला ज्या रीतीने कळलं ते पटलं नाही? तक्रारी दोन आहेत आणि रहस्यकथेत दुसरी जास्त गंभीर.

रहस्यकथा हा वाचकाशी मांडलेला डाव असतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने (स्वतः रहस्यकथा लिहायचा) १९२९ मध्ये या डावाचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, पण त्याच्या मनात काय चाललंय हे वाचकाला दिसता कामा नये. शोधणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. नियम थोडे गमतीत लिहिलेले आहेत आणि नंतर भल्याभल्यांनी ते मोडले, झकास मोडले. पण परीक्षण लिहिताना विचारायचा प्रश्न त्यांतून मिळतो: शेवटी जे सांगितलं ते आधी माझ्यासमोर ठेवलेलं होतं का?

तुम्ही मागे जाऊन तपासलंत का?

पानखूण

नाही. शेवट वाचला, चिडले, लिहिलं.

उंबरा

भयकथा ही माझी गल्ली, म्हणून बोलते. तिरकस यांचा प्रश्न भयकथेला विचारलात तर तिचा जीव जाईल. तिथे शेवटी खुलासा झाला नाही तरी चालतं. किंबहुना झाला की बहुतेक वेळा भीती उतरते. वरच्या मजल्यावर कोण चालत होतं हे कळलं की ते नुसतं कुणीतरी उरतं.

आपल्याकडे यासाठी जुनं हत्यार आहे आणि आपण ते फक्त परीक्षेपुरतं पाठ करतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत (शांत नंतर आला). त्यात भयानक वेगळा आणि बीभत्स वेगळा. एकाचा स्थायीभाव (मुळाशी असलेली भावना) भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. आजची निम्मी 'हॉरर' पुस्तकं मला घाबरवत नाहीत, किळस आणतात. किळस हाही रस आहे, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण मलपृष्ठावर 'थरकाप' लिहून आत रक्तामांसाचा चिखल असेल तर वाचकाला ते सांगायला हवं, आणि तेवढं एकच वाक्य 'वातावरणनिर्मिती उत्तम'पेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मी स्वतः एक करते. वाचताना जिथे मान वळवून मागे बघितलं त्या पानाचा आकडा शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवते. पुस्तक संपल्यावर त्या पानांकडे परत जायचं आणि बघायचं की तिथे लेखकाने काय केलं होतं. बहुतेक वेळा काहीच केलेलं नसतं. एक वाक्य अर्ध्यावर थांबवलेलं असतं, किंवा घरात तीन माणसं असताना ताटं चार मांडलेली असतात आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

(जहाजवाल्या कादंबरीसाठी व्यनि केलाय.)

अर्धविराम

ताटं चार. आता झोप गेली माझी, धन्यवाद.

अद्भुतिकांबद्दल (फँटसी) माझं चिमूटभर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनने १९३९ च्या एका व्याख्यानावरून लिहिलेल्या निबंधात हिरव्या सूर्याचं उदाहरण दिलं होतं. 'हिरवा सूर्य' असं कुणीही म्हणू शकतो. पण ज्या जगात तो खरा वाटेल ते जग उभं करायला मेहनत लागते. म्हणून जादू 'अशक्य' आहे ही तक्रार फुकट. पहिल्या भागात मंत्र म्हटला की ताप चढत होता आणि तिसऱ्या भागात नायक सटासट मंत्र मारतोय तरी ताप नाही, ही खरी तक्रार.

खडू

ललितेतर पुस्तकांचा कुणी विषय काढला नाही म्हणून. मी अशी पुस्तकं मागून उघडतो. टिपा, संदर्भसूची, शब्दसूची. मग ज्या विषयातलं मला आधीपासून थोडंफार कळतं ते प्रकरण शोधून पहिलं वाचतो. तिथे लेखक घसरला असेल तर जिथलं मला काहीच कळत नाही त्या प्रकरणांवर मी जपून विश्वास ठेवतो. तज्ज्ञ नसलेल्या वाचकाला करता येण्याजोगी ही एकच तपासणी आहे, पण ती बऱ्यापैकी चालते.

अर्थशास्त्राचं पुस्तक असेल तर आलेखांचे उभे अक्ष बघा. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नव्वदपासून? नव्वदला ब्याण्णवच्या शेजारी उभं केलं आणि तळ कापला की टेकडीचा हिमालय होतो. 'ओघवत्या भाषे'ने हा हिमालय आणखी छान दिसतो, एवढाच तिचा इथे संबंध.

चरित्रात गाळलेली वर्षं मोजा. बालपणाला ऐंशी पानं आणि मधली बारा वर्षं दीड पानात उरकली असतील, तर एक तर कागदपत्रं मिळाली नाहीत किंवा कुटुंबीयांनी मिळू दिली नाहीत. चांगला चरित्रकार हे स्वतः सांगतो. दुसरा 'याच सुमारास' लिहून पुढे जातो.

सुरंगी

कवितासंग्रह 'खिळवून ठेवणारा' हे वाचून मी खरंच खुर्चीला खिळले.

पानखूण, संग्रह कादंबरीसारखा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलात का? तसं केलं की विसाव्या कवितेनंतर जीभ मरते, मग सगळ्या सारख्याच लागतात. मी दिवसाला तीन-चार वाचते आणि त्यातली एक मोठ्याने. मोठ्याने वाचताना जिथे श्वास अडतो तिथे एक तर कवीने मुद्दाम अडवलेला असतो नाहीतर ओळ कच्ची असते. दोन्हींतला फरक दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचल्यावर कळतो.

लिहिताना चाळीस कवितांचा आढावा घ्यायचा मोह टाळा. एक कविता घ्या, तिच्यातल्या चार ओळी जशाच्या तशा द्या आणि तिथेच बसा. 'कवयित्रीला असे म्हणायचे आहे की' हे मात्र कृपा करून नको. तिला जे म्हणायचं होतं ते तिने म्हटलंय.

आणि कवितेला तारे देऊ नका हो.

जुना_वाचक

ताऱ्यांवरून आठवलं. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९३९ मध्ये परीक्षणांवर एक पुस्तिका लिहिली होती. त्यात त्यांनी सुचवलं होतं की नियतकालिकांनी परीक्षकाला रजा द्यावी. एकाने पुस्तकात काय आहे ते थोडक्यात लिहावं आणि दुसऱ्याने शेजारी खूण करावी, पसंत असेल तर तारका, नापसंत असेल तर कट्यार. बाकीचं गंभीर बोलणं लेखक आणि समीक्षक यांनी खासगीत, फी देऊन, डॉक्टरकडे जातात तसं करावं. अर्धं उपरोधाने लिहिलंय. पण आज आपण नेमकं तेच करतो आहोत. फक्त कट्यार गेली आणि एकाच्या पाच तारका झाल्या.

माझं वय ६८, त्यामुळे एक वेगळी अडचण सांगतो. न आवडलेलं पुस्तक पूर्ण करायचं का? नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंचा नियम मला फार सोयीचा पडतो. पन्नास पानं वाचा, मग ठरवा. पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं त्या पुस्तकाची. म्हणजे माझी ३२. दरवर्षी एक पान कमी होतं आणि लेखकांना माझ्यासाठी आणखी घाई करावी लागते. 😀

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर लिहू नये असं माझ्या पिढीला शिकवलं होतं. मी लिहितो, पण पहिल्याच ओळीत 'पान ३२ वर सोडलं' असं स्पष्ट सांगतो आणि का सोडलं तेवढंच लिहितो. पुढच्या पानांबद्दल बोलायचा हक्क मला नाही.

दुभाषी

माझं दुखणं वेगळं आहे. अनुवादित पुस्तकांची परीक्षणं. तीन पानं मूळ लेखकाचं कौतुक आणि शेवटी एक ओळ: 'अनुवाद सरस, अनुवाद वाटतच नाही.' कधी कधी अनुवादकाचं नावही नसतं. मग तुम्ही जी ओघवती भाषा म्हणता ती कुणाची होती?

मूळ भाषा येत नसली तरी अनुवादाबद्दल लिहिता येतं. एक जागा सांगते. इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम, 'यू'. मराठीत तू, तुम्ही, आपण. कादंबरीतले दोघं पहिल्यांदा भेटतात तेव्हा 'तुम्ही' असणार. मग 'तू' कधी सुरू होतं? मूळ पुस्तकात ते पान नसतंच, ते अनुवादकाने निवडलेलं असतं. एका कादंबरीत नायिका भांडणाच्या ऐन मध्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर येते आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'तुम्ही'वर जाते. मी तिथे थांबले, पान दुमडलं. हे मूळ लेखकाचं नव्हतं. याच्या उलट, बायको नवऱ्याला अख्खं पुस्तकभर 'अरे' म्हणते आणि एका प्रसंगात अचानक 'अहो', कारण अनुवादकाचं लक्ष नव्हतं. दोन्ही जागा कुणालाही दिसतील. फक्त बघायला हव्यात.

तिरकस

दुभाषी, दंडवत. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. माझी निदान दहा परीक्षणं आता परत लिहावी लागणार.

मोकळा_ढग

सगळं वाचलं. राग मानू नका, पण छंदाचं पार ऑडिट करून टाकलंत. मागून उघडा, अक्ष बघा, मान कधी वळली ते लिहा. मी दमून आल्यावर एक पुस्तक घेतो आणि लोळतो. आवडलं तर मित्राला म्हणतो 'वाच', नाही तर नाही. ओळखीपाळखीत एवढं पुरत नाही का? भिन्नरुचिर्हि लोकः.

खडू

पुरतं की. 'वाच' हे उत्तम परीक्षण आहे, कारण तुमचा मित्र तुम्हाला ओळखतो. त्याला ठाऊक आहे की तुम्हाला युद्धकथा आवडतात आणि प्रेमकथा नाही, मग तो त्यातून वजाबाकी करून घेतो. न ओळखणाऱ्याला ती वजाबाकी करता येत नाही. म्हणून चार ओळी जास्त.

सुरंगी

आणि कालिदासाची ती अर्धी ओळ पूर्ण संदर्भासकट आठवा. रघुवंशात इंदुमती एका राजाला नाकारून पुढे जाते तेव्हा कवी म्हणतो की तो काही कमी देखणा नव्हता आणि तिला पारख नव्हती असंही नाही, रुची वेगवेगळ्या असतात. म्हणजे नाकारतानाही दोन्ही बाजू नीट बघितल्या आहेत. हे झालं परीक्षण. नुसतं 'आपली आपली आवड' म्हणून खांदे उडवले की ते होत नाही.

मोकळा_ढग

मान्य. अर्धी ओळच माहीत होती. लोळत वाचतो पुढे.

जुना_वाचक

ओळखीवरून आणखी एक. मित्राचं पुस्तक आलं की काय करता? माझ्या एका स्नेह्याने आत्मचरित्र दिलं, 'दोन शब्द लिही' म्हणून. पुस्तक वाईट होतं. मी 'प्रांजळ' हा शब्द लिहिला आणि सुटलो. तो अजून तो शब्द अभिमानाने सांगतो आणि मला दर वेळी टोचतं.

अमेरिकन लेखक जॉन अपडाइक यांनी १९७५ मध्ये परीक्षकासाठी काही पथ्यं लिहिली. त्यातलं एक असं की, जे पुस्तक नावडणार हे आधीच ठरलंय किंवा मैत्रीपोटी आवडून घ्यावंच लागणार आहे, ते परीक्षणाला घेऊच नये. आणि सगळ्यात पहिलं पथ्य, जे या चर्चेला लागू पडतं: लेखकाला काय करायचं होतं ते आधी समजून घ्या, जे त्याने करायलाच घेतलं नव्हतं ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका.

तिरकस

नावाचं वजन हा मोठाच विषय आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते नावाला मिळालं असं कुणी म्हणू शकलं नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ने उलटा निर्णय घेतला. १९०२ पासून तिथली परीक्षणं निनावी छापली जायची, १९७४ पासून खाली नाव यायला लागलं. एकीकडे लेखकाने नाव झाकलं आणि दुसरीकडे परीक्षकाला ते उघडं करावं लागलं. माझ्या मते दोन्ही बरोबर. पुस्तक नाव झाकून वाचावं आणि मत नाव लावून द्यावं.

पानखूण

चार दिवस गायब होते, कारण ती जहाजाची कादंबरी पुन्हा वाचली. तिरकस यांनी 'तपासलंत का' विचारलं होतं ते डोक्यातून जाईना.

तर कबुली. शेवट ओढूनताणून आणलेला नाही. मीच नीट वाचलं नव्हतं. पान १४ वर कप्तानाची सूचना भिंतीवर लागते: जहाज पश्चिमेकडे चाललंय, तेव्हा ठरल्या रात्री दोन वाजता घड्याळं तासाने मागे घेतली जातील. पहिल्या वाचनात मला ते जहाजावरच्या वातावरणाचं भरताड वाटलं होतं, आणि त्यालाच मी 'वातावरणनिर्मिती उत्तम' म्हणून मोकळी झाले होते! अख्खा खून त्या तासावर उभा आहे. त्या रात्री दीड दोनदा वाजला. खलाशी खरं सांगतोय की दीड वाजता तो इंजिनच्या खोलीत होता. पहिल्या दीडला.

म्हणजे दुवा माझ्यासमोर सरळ ठेवलेला होता आणि डाव मी हरले. हरले म्हणून चिडले, आणि चिडून तीन तारे दिले.

नवीन परीक्षण असं सुरू केलंय: "या कादंबरीचा शेवट मला पहिल्यांदा पटला नाही. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की लेखकाने उत्तर फार आधी, अगदी कंटाळवाण्या जागी ठेवलं होतं, आणि कंटाळवाण्या जागा मी भरभर वाचते. तुम्हीही वाचत असाल तर तुमचीही फसगत होईल. पात्रं मात्र पुसट आहेत, अकरा खलाशांतले चार जण मला शेवटपर्यंत वेगळे ओळखता आले नाहीत." आधी मीच 'ठसठशीत' लिहिलं होतं. कुठून लिहिलं देव जाणे.

अर्धविराम

हे मी पैजेवर ओळखीन की रहस्यकथेचं आहे. आणि ओघ कुठेही नाही. अभिनंदन!

उंबरा

पानखूणताई, व्यनिने नाव दिलंत त्यातली मी एक. पान ९० वर आहे. घड्याळाचं आत्ता वाचलं.

पानखूण

अगं बाई. मनापासून सॉरी. नाव उघड नाही म्हणून बिनधास्त लिहून गेले. आता मजा गेली का सगळी?

खडू

२०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा कथांवर हा प्रयोग केला होता. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतर दुसऱ्या संशोधकांना उलटं आढळलं, त्यामुळे पानखूण यांनी याचा बचाव म्हणून वापर करू नये.

उंबरा

संपवली काल रात्री. खडूंच्या पहिल्या प्रयोगाच्या बाजूने माझं मत धरा. तास माहीत असल्यामुळे मी वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होते. कोण कधी घड्याळाकडे बघतो, कोण बघायचं टाळतो. भयकथेसारखी वाचली शेवटी, दोन वेळा मान वळवली.

पण ताई, तुमच्या नव्या परीक्षणात एक राहिलंय. पान ६१, प्रेत सापडल्यानंतरची सकाळ. मध्यरात्री ते चार अशी पाळी केलेला खलाशी चहाचा मग धरून कुरकुरतो, 'आज पाच तास उभा होतो.' पाळी चार तासांची असते. कुणीही त्याच्याकडे लक्ष देत नाही.

पानखूण

६१? थांबा, पुस्तक काढते.